आधी सीटी की थेट कॅथ लॅब? डिचोलीच्या एका सरांना उत्तर

डिचोली तालुक्यात हायस्कुलात शिकवणाऱ्या एका सरांनी विचारलं आहे. वय ५४. मधुमेह आठ वर्षांपासून, सिगरेट कधीच नाही, थोरल्या भावाला पंचावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक. गेले तीन महिने देवळाची चढण चढताना छातीच्या मध्यभागी कुणी ओझं ठेवल्यासारखं वाटतं, थांबलं की चार-पाच मिनिटांत उतरतं. ईसीजी आणि इको ठीक. ट्रेडमिलवर गुडघा दुखला म्हणून सहाव्या मिनिटाला उतरावं लागलं आणि रिपोर्टवर 'इनकन्क्लूझिव्ह', म्हणजे ठोस निष्कर्ष नाही, असं आलं. एका डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्या बघण्याची तपासणी, करायला सांगितली. दुसरे म्हणाले, सीटीत वेळ घालवू नका, सरळ कॅथ लॅबमध्ये नळीची अँजिओग्राफी करा, ब्लॉकेज दिसलं तर त्याच टेबलावर स्टेंट घालून मोकळे व्हा. सुंगटं (कोळंबी) खाल्ली की सरांचे ओठ सुजतात, म्हणून तपासणीत धमन्या दिसाव्यात यासाठी देतात त्या 'डाय'ची भीती आहे. आणि गावच्या जत्रेतल्या नाटकात काम असल्यामुळे 'हे सगळं जत्रेनंतर केलं तर चालेल का?' असं शेवटी विचारलं आहे.

सर, शेवटचा प्रश्न आधी घेतो. जत्रेपर्यंत थांबू नका. गोव्यात इतकी वर्षं हृदयाचे रुग्ण बघताना 'चवथ झाल्यावर बघू', 'शिगमो झाल्यावर बघू', 'मुलगा बोटीवरून आला की बघू' ही वाक्यं मी असंख्य वेळा ऐकली आहेत. ती ऐकली की आजही पोटात गोळा येतो. तपासणी याच आठवड्यात, फार तर पुढच्या आठवड्यात ठरवा.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चढणीवर येणारं हे दुखणं उद्या बसल्या जागी आलं, रात्री झोपेतून उठवू लागलं, पंधरा-वीस मिनिटं राहिलं, किंवा सोबत घाम आला, तर सीटीचा विषयच संपतो. तेव्हा १०८ ला फोन करायचा आणि जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढायचा. आपल्याकडे काही वर्षांपासून हार्ट अटॅकसाठीच्या स्टेमी गोवा योजनेत तालुक्याच्या ठिकाणचा ईसीजी बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांपर्यंत लगेच पोचतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देता येतं. अशा वेळी स्वतः गाडी चालवत पणजी गाठू नका.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही जे वर्णन केलं आहे, मध्यभागी दाब, चढणीवर येणं, थांबल्यावर मिनिटांत उतरणं, ते अँजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या दुखण्याचं, पाठ्यपुस्तकातलं वर्णन आहे. त्यात मधुमेह आणि भावाचा इतिहास. म्हणजे तुमच्या हृदयधमन्यांत काही ना काही असण्याची शक्यता चांगलीच आहे. पण 'काही ना काही' आणि 'स्टेंट लागेल असं' यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर मोजायला तुमच्यासारख्या माणसासाठी आज सीटी हाच सगळ्यात चांगला पहिला टप्पा आहे. माझं मत पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. का, ते सविस्तर सांगतो, कारण 'सीटीने सगळं कळतं' आणि 'सीटीत काही कळत नाही' ही दोन्ही वाक्यं लोक एकाच खात्रीने बोलतात आणि दोन्ही चुकीची आहेत.

नेहमीच्या अँजिओग्राफीत, म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून करतात तिच्यात, आपण धमनीच्या आतून वाहणाऱ्या डायची सावली बघतो. ओहोळातलं पाणी किती रुंद आहे ते कळतं, काठाची माती कशी आहे ते कळत नाही. आणि आजार असतो तो काठात. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळीच राखते. शिकागोच्या ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये शवविच्छेदनातल्या धमन्या मोजून हे दाखवलं: थराने साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट अरुंद होतच नाही. म्हणजे सावली सुरेख आणि भिंत पोखरलेली, असं अगदी होऊ शकतं. सीटीत भिंतही दिसते. कॅल्शियमचा पांढरा चुरा दिसतो, मऊ चरबीचा काळपट थर दिसतो, धमनी बाहेर फुगली आहे का तेही दिसतं. ज्या थरात चरबी जास्त आणि आवरण पातळ असतं तो अचानक फाटतो, त्यावर गुठळी जमते आणि अटॅक येतो. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे ३०-४० टक्केच अडथळा असणं मुळीच दुर्मीळ नाही. 'परवाच स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती आणि आज गेले' असं आपण ऐकतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

ट्रेडमिलबद्दल एवढंच: पूर्ण चाललात तरी ती ढोबळमानाने दर तीन खऱ्या रुग्णांमागे एकाला सोडून देते. तुमची तर अर्धवट राहिली. ती पुन्हा करण्यात अर्थ नाही.

सीटीचं खरं बळ कशात आहे, ते नीट समजून घ्या. ती 'नाही' म्हणाली तर ते जवळजवळ शेवटचं उत्तर असतं. नीट निघालेल्या सीटीत धमन्या स्वच्छ दिसल्या, तर अडथळा सुटून गेला असण्याची शक्यता शंभरात एक-दोन, त्याहून जास्त नाही. 'आहे' म्हणाली तर मात्र तिच्या आकड्यावर लगेच विश्वास टाकायचा नसतो. कॅल्शियम सीटीत आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, काळोखात दिव्याभोवती प्रभा पसरावी तसं, आणि शेजारची मोकळी वाट झाकून टाकतं. त्यामुळे ५० टक्क्यांचा अडथळा ७० चा वाटतो. म्हणून सीटीवर दिसलेला मध्यम अडथळा हा पुढच्या प्रश्नाची सुरुवात असते: या अडथळ्यामुळे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का? ते स्ट्रेस इको, न्यूक्लिअर स्कॅन किंवा कॅथ लॅबमध्ये दाबाची तार घालून ठरवतात. तारेच्या मोजणीत अडथळ्यापलीकडचा दाब अलीकडच्या ८० टक्के किंवा त्याहून खाली गेला, तर तो अडथळा त्रासदायक मानतात. सीटीच्याच चित्रांवरून संगणकाने हा आकडा काढण्याची पद्धतही आहे, पण तुमचा निर्णय तिच्यावाचून अडणार नाही.

'सरळ अँजिओग्राफी करून तिथेच स्टेंट' या सल्ल्याला माझा विरोध का, ते आता सांगतो. नळी घालणं हल्ली खूप सुरक्षित झालं आहे, मी स्वतः रोज ते करतो. पण तुमच्यासारख्या, म्हणजे स्थिर अँजायना असलेल्या आणि मध्यम शक्यतेच्या रुग्णांची थेट तुलना युरोपात २६ रुग्णालयांनी केली. डिस्चार्ज नावाच्या त्या अभ्यासात ३,५६१ जण होते आणि निष्कर्ष २०२२ मध्ये आले. आधी सीटी केलेल्यांत साडेतीन वर्षांत अटॅक, लकवा किंवा हृदयामुळे मृत्यू २.१ टक्के, थेट नळी घातलेल्यांत ३ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम नव्हता, म्हणजे सीटीवाल्यांचं काही बिघडलं नाही, एवढंच त्यावरून म्हणायचं. पण प्रक्रियेतून होणाऱ्या मोठ्या गुंतागुंती ०.५ टक्के विरुद्ध १.९ टक्के होत्या. उत्तर जवळपास तेच मिळणार असेल, तर आधी शिरेतून सुई आणि मग गरज पडली तरच धमनीतून नळी, हा क्रम मला बरोबर वाटतो.

टेबलावरच्या घाईबद्दलही बोलायला हवं. रुग्ण आडवा पडलेला, नळी आत, पडद्यावर अडथळा दिसतोय, बाहेर बायको आणि भाऊ उभे. अशा वेळी 'आत्ताच घालू का?' या प्रश्नाला कुणी नाही म्हणत नाही. पण स्थिर अँजायनात स्टेंट घातल्याने आयुष्य वाढतं किंवा पुढचा अटॅक टळतो, असं २०२० मध्ये आलेल्या इस्केमिया अभ्यासात दिसलं नाही. त्यात ५,१७९ रुग्ण होते, ट्रेडमिलवर किंवा स्कॅनवर चांगलाच दोष दिसलेले. स्टेंट-बायपासने अँजायना कमी झाला, हा फायदा खरा आहे आणि ज्याला रोजची चढण चढायची आहे त्याला तो हवाही असतो. पण तो निर्णय घरी बसून, औषधं महिना-दोन महिने घेऊन, समजून उमजून घेता येतो. त्या अभ्यासात बहुतेकांची आधी सीटी करून डाव्या मुख्य धमनीत, म्हणजे लेफ्ट मेनमध्ये, गंभीर अडथळा नाही ना हे बघितलं होतं, ही गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. लेफ्ट मेनचा अडथळा मात्र थांबवून ठेवायचा नसतो. म्हणजे सीटी तुम्हाला विचार करायला वेळ देते, आणि कुणाला तो वेळ द्यायचा नाही तेही सांगते.

बसल्या जागी दुखणं, ईसीजीत बदल, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढलेलं, इकोमध्ये पंप कमजोर, किंवा औषधं चालू असूनही घरातल्या घरात चालताना दुखणं, यांपैकी काही असतं तर मीच तुम्हाला थेट कॅथ लॅबमध्ये पाठवलं असतं. तुमच्यात यातलं काही नाही.

आता स्कॉट-हार्ट नावाच्या अभ्यासाबद्दल, कारण माझं मत घडवण्यात त्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या ४,१४६ जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत सीटी केली, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, हिशेब मांडला तेव्हा हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक सीटी गटात २.३ टक्के, दुसऱ्या गटात ३.९ टक्के. पण नळीची अँजिओग्राफी आणि स्टेंट-बायपास यांची संख्या पाच वर्षांत दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. मग फरक कशाने पडला? सीटी गटात जास्त लोकांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, आणि अ‍ॅस्पिरिन चालू झालं. भिंतीतला थर डोळ्यांनी दिसला म्हणून डॉक्टरांनी गोळी लिहिली, आणि तो दिसला म्हणून रुग्णाने ती घेतली. हे दुसरं मी रोज बघतो. कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवून जी गोळी माणूस दोन महिन्यांत सोडून देतो, ती स्वतःच्या धमनीतला पांढरा ठिपका बघितल्यावर वर्षानुवर्षं घेतो.

दक्षिण आशियाई लोकांत पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत सुमारे ५९व्या, असं इंटरहार्ट या ५२ देशांच्या अभ्यासात दिसलं होतं. तुमच्या भावाचं वय त्याच्या आसपासचं. म्हणून तुमच्या बाबतीत 'ब्लॉकेज आहे की नाही' एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. भिंत कशी आहे, हे कळलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येऊ, कारण इथेच सगळ्यात जास्त बिघडतं.

हृदयधमनी जाडीला दोन ते चार मिलिमीटर असते, आणि ती एका क्षणासाठीही थांबत नाही. सीटीचे जनक हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं, तेव्हा एकेका फेरीला मिनिटं लागत होती. मेंदू हलत नाही म्हणून ते जमलं. हृदयासाठी यंत्राला २००४ च्या सुमाराला ६४ स्लाइसचं, म्हणजे एका फेरीत ६४ काप टिपणारं, व्हावं लागलं. आजची यंत्रं एक फेरी पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या सेकंदात मारतात, तरी हृदयाचा वेग त्यांच्या आवाक्यात आणावा लागतो. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडून क्षणभर जवळजवळ स्थिर असतं. चित्र त्या क्षणात टिपायचं. नाडी मिनिटाला ६० असेल तर तो क्षण पुरेसा लांब मिळतो, ९० झाली की तो आकसून जातो. म्हणून आम्ही नाडी ६० ते ६५ च्या खाली आणायला बीटा ब्लॉकरची गोळी देतो. दमा असेल तर दुसरी गोळी असते, इव्हाब्रॅडिन. नाडी अनियमित असणाऱ्यांत, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, चित्र बिघडण्याची शक्यता जास्त.

सुरुवातीच्या वर्षांतली माझी एक चूक सांगतो. एका बाईंची नाडी ८८ होती, गोळी देऊनही उतरली नव्हती, आणि संध्याकाळ झाली म्हणून तशीच सीटी घेतली गेली. चित्रात उजव्या धमनीत एका जागी पायरी पडल्यासारखा खंड दिसला. मी तो ८० टक्क्यांचा अडथळा म्हणून वाचला. कॅथ लॅबमध्ये धमनी स्वच्छ निघाली. उजवी धमनीच सगळ्यात जास्त हलते, आणि तो खंड हलण्यातून आला होता. त्या बाईंनी एक विनाकारण रात्र रुग्णालयात काढली आणि घरचे हादरले ते वेगळंच. त्यानंतर नाडी उतरली नाही तर मी तारीख पुढे ढकलतो, रुग्ण कितीही लांबून आलेला असला तरी.

म्हणून लोक जेव्हा विचारतात, 'मशीन किती स्लाइसचं आहे?', तेव्हा मी म्हणतो, ६४ हवंच, पण त्याच्या वर गेल्यावर 'नाडी ६० वर आणायला तुम्ही किती वेळ देता?' आणि 'रिपोर्ट वाचणारे रोज हृदयाच्या सीटी वाचतात का?' हे दोन प्रश्न जास्त कामाचे. केंद्र निवडताना हेच विचारा.

तुम्ही डिचोलीहून येणार. सकाळची वेळ घ्या आणि दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचा. कदंबाची बस पकडायला धावत, पुलावरच्या गर्दीत अडकून, पार्किंग शोधत आलेल्या माणसाची नाडी ९५ असते आणि गोळीला काम करायला वेळच मिळत नाही. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद. केंद्राच्या कॅन्टीनमध्ये 'अर्धा कप' घेऊन आलेले खूप भेटतात, तो अर्धा कपही नको. आधी चारेक तास जेवण नको, पाणी प्या. प्रेशरच्या गोळ्या चुकवू नका. साखरेच्या गोळ्यांचं, उपाशी राहायचं असल्यामुळे, डॉक्टरांना विचारून ठरवा. मेटफॉर्मिन घेत असाल तर मूत्रपिंडं ठीक असताना ते बंद करावंच लागतं असं नाही. मूत्रपिंडाचं काम फारच उतरलेलं असेल तर डायनंतर ४८ तास थांबवतात. म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत हवा. मधुमेह आठ वर्षांचा आहे, तेव्हा हा रिपोर्ट वगळू देऊ नका.

सीटीच्या आधी जिभेखाली नायट्रेटची गोळी किंवा फवारा देतात, धमन्या रुंद होऊन स्वच्छ दिसाव्यात म्हणून. लैंगिक शक्तीसाठीच्या गोळ्या, सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, गेल्या दोन दिवसांत घेतल्या असतील तर हे आधीच सांगायला हवं, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक उतरू शकतो. बायको-मुलांसमोर लोक हे सांगत नाहीत. मी म्हणूनच रुग्णाला एकट्याला आत घेऊन विचारतो. तुम्हाला कुणी विचारलं नाही तरी तुम्ही बाजूला घेऊन सांगा.

मग टेबलावर आडवं व्हायचं, हात डोक्यावर, छातीवर ईसीजीचे तीन-चार पॅच, उजव्या कोपरात जाड सुई. यंत्र म्हणजे मोठं कडं असतं, दोन्ही बाजूंनी उघडं, घुसमटण्यासारखं काही नाही. डाय जाते तेव्हा घशापासून खालपर्यंत गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते, आणि अर्ध्या मिनिटात ते जातं. श्वास पाच ते दहा सेकंद रोखायचा. यंत्रातली सूचना बऱ्याचदा इंग्रजीत किंवा हिंदीत असते. सत्तरीतल्या एखाद्या आजीला ती कळत नाही, ती दचकते आणि चित्र हलतं. म्हणून आमचा तंत्रज्ञ आधी कोकणीत-मराठीत चार वेळा सराव करून घेतो. श्वास फार खोल नको, आणि नाक-तोंड दाबून जोर लावायचा नाही, कारण त्याने नाडी बदलते. तुम्ही नाटकात काम करता, लांब वाक्याआधी जसा श्वास घेता तसाच घ्या.

सुंगटांची अ‍ॅलर्जी. गोव्यात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि यावरून चुकीच्या समजुतीने तपासण्या रद्द होतात. सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या यांची अ‍ॅलर्जी त्यांच्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते. डायमध्ये असतं त्या आयोडिनचा तिच्याशी संबंध नाही. आयोडिन तर रोजच्या मिठात आहे आणि आपल्या थायरॉइडच्या संप्रेरकातही. सुंगटं चालत नाहीत म्हणून डाय चालणार नाही, हे खरं नाही. पूर्वी कधी डायनेच पित्त उठलं होतं का, दम लागला होता का, हे मात्र महत्त्वाचं आहे. तसं झालं असेल तर आदल्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन तयारी करतात किंवा दुसरी तपासणी निवडतात. दमा किंवा इतर तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांत धोका थोडा जास्त असतो, म्हणून सुंगटांचं सांगून ठेवा, पण घाबरू नका. आजच्या नॉन-आयॉनिक डायने गंभीर रिअ‍ॅक्शन होण्याचं प्रमाण जपानच्या तीन लाखांवर रुग्णांच्या मोठ्या पाहणीत दहा हजारांत चार इतकं होतं, आणि ती सांभाळायची औषधं शेजारच्या ट्रॉलीवर असतात.

किरणांचं म्हणाल तर आजच्या चांगल्या पद्धतीने २ ते ५ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप) लागतात. जमिनीतून, हवेतून, आकाशातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असेच मिळतात. तुमच्या वयात आणि तुमच्या लक्षणांत हा सौदा योग्य आहे. दर वर्षी हौसेने करण्यासारखा मात्र नाही.

यावरून एक गोष्ट सांगतो. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, सुट्टीवर येतो, पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या आधी 'सगळं एकदा स्कॅन करून टाका' म्हणतो. छातीत काही नाही, दम नाही, वय ३८. अशांना डायची सीटी मी करत नाही. लक्षणं नसलेल्यांत प्रश्न फक्त पुढच्या धोक्याचा असतो, आणि चाळिशी ओलांडलेल्या, मधल्या धोक्याच्या माणसांत तो साध्या कॅल्शियम स्कोरने कळतो. त्याला डाय लागत नाही, किरणं साधारण १ मिलिसिव्हर्ट. १९९० मध्ये अ‍ॅगॅटस्टन यांनी सांगितलेली ती मोजणी: शून्य म्हणजे पुढची काही वर्षं धोका फार कमी, १०० च्या वर म्हणजे स्टॅटिन सुरू करायला हवं, ४०० च्या वर म्हणजे भिंतींत आजार भरपूर.

पण सर, तुम्हाला लक्षणं आहेत, म्हणून फक्त कॅल्शियम स्कोर करून कुणी परत पाठवू नये. ताजा, मऊ थर कॅल्शियमचा नसतो, तो त्या स्कोरमध्ये येतच नाही. सत्तरी तालुक्यातल्या ४३ वर्षांच्या एका टिपर ड्रायव्हरला, रोज पाकीटभर सिगरेट ओढणाऱ्या, चढणीवर दुखत होतं. एका ठिकाणी फक्त स्कोर काढून 'शून्य आहे, गॅस असेल' असं सांगण्यात आलं. तीन आठवड्यांनी तो अटॅक घेऊन आमच्याकडे आला. वाचला, पण हृदयाचा पुढचा भाग कायमचा कमजोर झाला. चाळिशीतल्या, सिगरेट ओढणाऱ्या, दुखणं असलेल्या माणसाच्या शून्यावर विसंबायचं नसतं.

रिपोर्ट आला की शेवटच्या ओळीत बहुधा 'कॅड-रॅड्स', म्हणजे अडथळ्याची श्रेणी, आणि एक आकडा असेल. शून्य म्हणजे काही नाही. १ आणि २ म्हणजे थर आहे पण अडथळा ५० टक्क्यांच्या आत. ३ म्हणजे ५० ते ६९. ४ म्हणजे ७० च्या वर, त्यात ४-बी असेल तर लेफ्ट मेनमध्ये निम्मा अडथळा किंवा तिन्ही धमन्यांत गंभीर. ५ म्हणजे एक धमनी पूर्ण बंद. १ किंवा २ आलं की लोक पेढे वाटतात आणि गोळ्या बंद करतात. तुमच्या बाबतीत १-२ येण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून आत्ताच सांगतो: ते 'नॉर्मल' नाही. तो आजारच आहे, लवकर सापडलेला. स्टॅटिन, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, साखर आणि प्रेशर काबूत, आणि अ‍ॅस्पिरिन घ्यायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलून. ३ आलं तर औषधं आणि रक्त कमी पडतंय का याची पुढची तपासणी. ४ आलं तर बहुधा नळीची अँजिओग्राफी, आणि ४-बी आलं तर ती लगेच. तीही आता नकाशा हातात घेऊन.

रिपोर्टमध्ये 'मायोकार्डियल ब्रिज' असा शब्द असेल तर रात्र जागून काढू नका. धमनीचा छोटा तुकडा स्नायूच्या आतून जातो, जन्मापासूनच, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. फुप्फुसात लहान गाठ लिहिलेली असेल तर जुना, बरा झालेला डाग असण्याचीच शक्यता जास्त, पण ते पान छातीच्या डॉक्टरांना दाखवा, फायलीत ठेवून विसरू नका.

आणि वर्षभर स्टॅटिन घेऊन 'स्कोर उतरला का बघू' म्हणून कॅल्शियम पुन्हा मोजायला जाऊ नका. स्टॅटिनने मऊ थर घट्ट होतो, त्यात कॅल्शियम भरतं आणि स्कोर उलट वाढू शकतो. तो वाढलेला आकडा बघून चांगली चाललेली गोळी सोडलेले रुग्ण मला भेटले आहेत.

तारीख मिळेपर्यंत: जेवणानंतर लगेच चढण चढू नका. जवळ नायट्रेटची गोळी ठेवायची का, आणि स्टॅटिन-अ‍ॅस्पिरिन आजच सुरू करायचं का, हे उद्याच तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझ्या मते तुमच्या वर्णनावर सीटीची वाट न बघता ती सुरू करण्याइतका आधार आहे. तालमीला जा, पण संवाद बसून म्हणा आणि धावपळीचा प्रवेश दुसऱ्या कुणाला करू द्या. सीटीची सीडी आणि पूर्ण रिपोर्ट, नुसता शेवटचा कागद नव्हे, हातात घ्या. दोन डॉक्टरांत पुन्हा मतभेद झाला तर तिसऱ्याला चित्रं बघता आली पाहिजेत. रंगमंचावर उभं राहायचं की नाही, ते रिपोर्ट आला की त्याच दिवशी ठरवता येईल.